पुतणीचं ऑपरेशन झालं. आता 'दाखला' घ्यावा का?

मांजराकाठ
विषय घरातला आहे, पण विचारायला दुसरी जागा नाही म्हणून इथं लिहितोय. ॲडमिननी धागा दुसऱ्या विभागात हलवायचा असेल तर हलवा, फक्त उडवू नका.

मी लातूरला असतो, मोठा भाऊ गावी, केज तालुक्यात. पुतणी नववीत. दिवाळीपासून दर महिन्याला तीन-चार दिवस तिच्या ओटीपोटात दुखायचं. पहिल्यांदा जंताचं औषध झालं. मग ॲसिडिटी. मग एका ठिकाणी मुतखडा सांगितला आणि पोरीनं दोन महिने कुळथाचं पाणी प्यायलं. येरमाळ्याला नारळसुद्धा फोडून झाला. दर महिन्याला त्याच सुमाराला दुखतंय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. तिला पाळी आलेली नव्हती, पण "येईल की, घाई काय" असं माय म्हणायची.

गेल्या महिन्यात एका रात्री पोरीची लघवीच बंद झाली. पोट नगाऱ्यासारखं. रातोरात गाडी करून आणलं. नळी घातली तेव्हा पिशवीत पाऊण लिटरच्या वर लघवी आली. सकाळी सोनोग्राफीच्या खिडकीवरच्या पोरानं विचारलं, "पेशंटची शेवटची पाळी कधी?" वहिनी पदर तोंडाला लावून उभी. मग मीच म्हणालो, "आलीच नाही अजून." पाळी हा शब्द मी चारचौघात पहिल्यांदा उच्चारला, वय वर्षं ४३.

निदान असं : खालचा, योनीच्या तोंडाशी असतो तो पडदा जन्मापासून पूर्ण बंद. पाळी दर महिन्याला येत होती, पण रक्ताला वाट नव्हती. ते आतच साठलं आणि त्यानं लघवीचा रस्ता दाबला. भूल देऊन पडदा उघडला, वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी पोरगी चहाबरोबर पारले मागायलीये.

आता खरा प्रश्न. माय हटून बसलीये : "डॉक्टरनं कापलंय असा कागद लिहून घ्या, उद्या सोयरिकीच्या वेळी कोण बोललं तर?" भावाचं म्हणणं, शंभरच्या बाँडवर घेऊ. मला हे काही पटेना, पण का पटेना तेही नीट सांगता येईना. घ्यावा का असा दाखला?

वांगीभरीत
शंभरचा बाँड आता चालत नाही दादा, पाचशेचा लागतो. बाकी विषयावर जाणकार बोलतील. पोरगी बरी आहे हे वाचून बरं वाटलं.

पेन्शनर_काका
घेऊन ठेवा. कागद कधी वाया जात नाही. मी ३४ वर्षं महसूल खात्यात काढली, कागद नसल्यानं रडणारी माणसं पाहिली, असल्यानं रडणारा एकही नाही.

खडूफळा
काका, मी आहे की. सवडीनं लिहिते.

टाकेवाली
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यातच प्रॅक्टिस. आधी आजाराचं, मग कागदाचं.

हा प्रकार साधारण हजार-दोन हजार मुलींत एकीला असतो. दुर्मीळ म्हणतात, पण तालुक्याच्या गावी वीस वर्षं बसलं की हाताखालून बऱ्याच जातात. गोष्ट जवळजवळ तीच : छाती भरलेली, वाढ व्यवस्थित, पाळी नाही, महिन्याच्या महिन्याला पोटदुखी, आणि शेवटी लघवी अडली की दवाखाना. मुतखडा, अपेंडिक्स, जंत सगळं तपासून होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कारण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला झाकलेल्या खोलीत, आईला जवळ उभं करून, नुसतं बाहेरून बघायचं कुणी धाडस करत नाही. आत हात घालायची गरजच नसते. मांड्या जरा बाजूला केल्या की निळसर फुगवटा दिसतो. ते निळेपण आतल्या साठलेल्या रक्ताचं.

दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, सुईनं थोडं ओढून काढू, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. साठलेलं रक्त काकवीसारखं दाट असतं, सुईनं पुरतं निघत नाही आणि आत जंतुसंसर्ग होतो. भूल देऊन व्यवस्थित उघडायचं, कड शिवायची, एकदाच. दोन, फुगवटा निळा न दिसता गुलाबी-जाड दिसला, किंवा दिसलाच नाही, तर तो पडदा नसून वर योनीमार्गातच आडवी भिंत असू शकते. तिथं चीर द्यायची घाई केली की पुढं तो मार्ग आकसतो. अशा वेळी आधी एमआरआय, मग मोठ्या ठिकाणी ऑपरेशन.

तुमच्या पुतणीचं पहिल्या प्रकारातलं होतं. पाळी, पुढं मूलबाळ, सगळं इतरांसारखं होईल. पहिले काही दिवस काळपट रक्त जाईल, घाबरू नका.

कागदाचं : डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव लिहिलेलं असतंच. वेगळा दाखला मी सुरुवातीची काही वर्षं देत होते. आता देत नाही.

मांजराकाठ
डॉक्टर, मनापासून आभार. पण का देत नाही ते सांगा ना, मला मायला सांगायचंय.

टाकेवाली
एका बापानं मी दिलेला दाखला पाहुण्यांपुढं नेऊन वाचून दाखवला. मुलगी तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनंच नंतर येऊन मला सांगितलं. तेव्हापासून नाही.

आणि त्या कागदाला अर्थही नाही. पडदा बघून कुणाचं काही कळत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये लेखी सांगितलंय. काही मुलींत तो जन्मतःच नावापुरता असतो, काहींत बाळंतपणापर्यंत शाबूत दिसतो. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठानं २०१९ ला एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून 'कौमार्याची लक्षणं' काढली. आम्ही शिकलो तेव्हा ती पाठ करून परीक्षेत लिहायचो. मार्कही मिळायचे!

वकीलसाहेबीण
भर घालते. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२२ च्या निकालात बलात्कारपीडितेची 'दोन बोटांची तपासणी' (आत बोटं घालून आधी संबंध आले होते का ते ठरवणं) करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं म्हटलं. तुमच्या प्रकरणाशी थेट संबंध नाही, पण ज्या तपासणीला कोर्टही पुरावा मानत नाही, तिच्या भीतीनं सोयऱ्यांसाठी बाँड कसला करता?

सिस्टरताई
मी उपकेंद्रावर आहे, २२ वर्षं झाली. डॉक्टर मॅडमचं सगळं खरं, पण एक बोलू का? मॅडम संध्याकाळी घरी जातात. पोरीला त्याच गावात राहायचंय. लग्नानंतर पहिल्या रात्रीवरून माघारी धाडलेली पोरगी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीये. तेव्हा तिच्या मायकडं एक चिठ्ठी असती तर कदाचित वेगळं झालं असतं. कोर्टाचा निकाल सासूला कोण वाचून दाखवणार? माझं म्हणणं, कागद घ्या, पेटीत ठेवा, दाखवायची वेळ येऊ नये अशी प्रार्थना करा.

टाकेवाली
ताई, तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण कार्ड आहे ना. मी इतकंच म्हणते, की आपण होऊन कुणाला दाखवायला जाऊ नये.

एरंडाचं_गुऱ्हाळ
ज्या पाहुण्याला असला कागद लागतो त्याच्याकडं मुळात मुलगी द्यायचीच कशाला?

सिस्टरताई
@एरंड : मोबाइलवर टाइप करायला सोपं आहे भाऊ.

बोर्डाचा_पेपर
मी १९ वर्षांची आहे, फक्त वाचत होते. एक विचारते. ज्या मुलीचं ऑपरेशन झालं तिला कुणी विचारलंय का, तिला कागद हवाय का? नववीतली मुलगी आहे, लहान नाही.

मांजराकाठ
नाही विचारलं. खरं सांगायचं तर ऑपरेशन नक्की कशाचं झालं हेही तिला कुणी सांगितलं नाही. वहिनी म्हणाली, "पोटात गाठ होती, काढली."

खडूफळा
हे वाचलं आणि ठरवलं की आजच लिहायचं. काका, कागद असल्यानं रडलेली माणूस मी.

मी परभणीकडची, शाळेत शिकवते, वय ३१. सोळाव्या वर्षापर्यंत पाळी नाही. पोटात दुखायचंही नाही, त्यामुळं कुणाला काळजीच नव्हती. वर्गातल्या पोरी खेळाच्या तासाला बाजूला बसायच्या, मी धावायचे. खो-खोत जिल्ह्यापर्यंत गेले, बाई म्हणायच्या नशीबवान आहेस. सतराव्या वर्षी आईनं दाखवलं. पहिल्या ठिकाणी पाळी यायच्या गोळ्या, तीन महिने. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा त्याच. तिसऱ्यानं आईला सांगितलं, लग्न करून टाका, मग बघू. चौथ्या ठिकाणी सोनोग्राफी करून वडिलांना आत बोलावलं, दार लावलं. मी बाकावर. बाहेर आले तेव्हा वडिलांनी मला उसाचा रस पाजला. वडील कधी बाहेरचं खाऊ-पिऊ द्यायचे नाहीत. तेव्हाच कळायला हवं होतं.

बावीसाव्या वर्षी डीएडच्या ॲडमिशनसाठी टीसी शोधताना कपाटात माझी फाइल सापडली. इंग्रजीत. शब्द एकेक करून मोबाइलवर पाहिले. गर्भाशय नाही. योनीमार्गाचा वरचा भाग नाही. अंडाशयं ठीक. याला एमआरकेएच म्हणतात, साधारण साडेचार-पाच हजार मुलींत एक. पाच वर्षं घरात सगळ्यांना माहीत होतं, अगदी आत्यालासुद्धा. मला नव्हतं. आजाराचा मला इतका राग आला नाही, त्या पाच वर्षांचा आजही येतो.

म्हणून मांजराकाठ दादा, दाखल्याचं काय करायचं ते करा, पण पुतणीला आज सांगा. चित्र काढून सांगा. गाठ म्हणून सांगितलेलं खोटं कधीतरी फुटतं, आणि मग तिला वाटतं की एवढं लपवलं म्हणजे आपल्यात काहीतरी घाण होती.

टाकेवाली
खडूफळा ताई, लिहिलंत, बरं केलंत. इतरांसाठी एक भर : यात दर तिघींपैकी जवळपास एकीला मूत्रपिंडाचाही काही फरक असतो, एकच असणं किंवा जागा बदललेली असणं. म्हणून पोटाची पूर्ण सोनोग्राफी करायची. आणि पाळीच्या गोळ्या देऊन वाट बघणं इथं निव्वळ वेळ घालवणं आहे. जिथं गर्भपिशवीच नाही तिथं पाळी येणार कुठून?

सर्वांसाठी ढोबळ हिशेब : तेरा पूर्ण झाली आणि छातीची वाढ सुरूच नाही, किंवा पंधरा झाली, वाढ आहे पण पाळी नाही, तर दाखवायचं. दर महिन्याला दुखत असेल तर वयाची वाट बघायची नाही.

अनामिक_पालक
खडूफळा ताई, लग्नाचं विचारू का? आमच्या मुलीला हेच सांगितलंय. रात्रभर झोप नाही. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

खडूफळा
देते की. आधी उपचाराचं. मला वाटलेलं मोठं ऑपरेशन लागेल. तसं नसतं. डायलेटर म्हणून गुळगुळीत नळकांडी मिळतात, लहानापासून मोठ्यापर्यंत, ती रोज ठरावीक वेळ वापरून मार्ग हळूहळू तयार होतो. बहुतेकींना यानंच जमतं, ऑपरेशन नंतरचा पर्याय. पण ते मुलीनं स्वतः, तिला हवं तेव्हा सुरू करायचं. लग्न ठरलं म्हणून आईनं मागं लागून नाही. मी चोविसाव्या वर्षी सुरू केलं, आठ महिने लागले. खोलीला आतून कडी लावायची सोय नव्हती, हाच सगळ्यात मोठा त्रास.

लग्न झालंय. नवऱ्याला साखरपुड्याआधी मी स्वतः सांगितलं, एसटी स्टँडच्या कॅन्टीनमध्ये. त्याला पंधरा दिवस लागले हो म्हणायला. त्याच्या आधी दोघांनी नाही म्हटलं होतं, तेही लिहिते, नाहीतर गोष्ट फार गोड व्हायची. मुलाचं अजून ठरवलेलं नाही. अंडाशयं आहेत म्हणजे स्वतःची बीजं आहेत. २०२१ च्या सरोगसी कायद्यात गर्भाशय नसणं हे वैद्यकीय कारण धरतात. दत्तकाचंही मनात आहे.

एरंडाचं_गुऱ्हाळ
गर्भाशय प्रत्यारोपण पुण्यात होतं ना?

टाकेवाली
हो. देशातलं पहिलं मे २०१७ मध्ये पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या टीमनं केलं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यातच प्रत्यारोपित गर्भाशयातून मुलगी जन्मली. आईनं मुलीला दिलेलं गर्भाशय होतं. जगातलं पहिलं बाळ स्वीडनमध्ये २०१४ ला, ती आई एमआरकेएचचीच. पण मोठी ऑपरेशनं, शरीरानं नाकारू नये म्हणून औषधं, खर्च... दारात आलेल्या घाबरलेल्या आईला मी हे पहिल्या दिवशी सांगत नाही.

कोयता_नको
बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांबरोबर काम करते. आमच्याकडची तऱ्हा बघा. अंगावरून जातंय, कंबर दुखतीये म्हणून तिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढायला कुणी मागंपुढं पाहत नव्हतं. २०१९ ला तो विषय गाजला, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती आली. आणि त्याच घरातल्या पोरीला पंधराव्या वर्षी पाळी नाही, तर तिला तपासायला कुणी धजत नाही. आईची काढायला घाई, लेकीची बघायला लाज.

पोरी सहा महिने फडावर असतात हेही आहेच. दर महिन्याचं दुखणं कोण मोजणार? या महिन्यात केज, पुढच्या महिन्यात कर्नाटक.

रातराणी७
माझं उलट. मला पाळी व्यवस्थित यायची, म्हणून तर कुणाला संशय आला नाही! फक्त दुखणं दर महिन्याला वाढत गेलं. पाळीत दुखतंच, लग्न झाल्यावर थांबतं, हे किती जणींनी सांगितलं मोजले नाही. अकरावीत असताना दाखवायला गेले तर एका डॉक्टरांनी माझी जुनी, पाचवीतली सोनोग्राफी पाहिली. त्यात एक ओळ होती : उजवी किडनी दिसत नाही. त्यांनी लगेच एमआरआय सांगितला. निघालं असं की पिशव्या दोन, आणि उजव्या बाजूचा मार्ग खालून बंद. डावीकडून पाळी येत होती, उजवीकडं साठत होतं. वाट अडवणारी ती भिंत काढली, झालं. म्हणजे किडनीवरून पिशवी कळली. त्या ओळीवर सहा वर्षं कुणाचा डोळा पडला नव्हता.

वांगीभरीत
हे असलं गुप्तहेरकथेत शोभेल. त्या डॉक्टरांना माझ्याकडून एक भाकरी-ठेचा.

निलंग्याची_नात
अवांतर आहे का माहीत नाही. बहिणीची मुलगी वर्गात सगळ्यात बुटकी. "आपल्याकडं सगळ्याच आखूड अंगाच्या," म्हणून सोडून दिलं. चौदाला ना छाती ना पाळी. रक्ताची गुणसूत्र तपासणी केली तर टर्नर निघालं, दोन एक्सच्या जागी एकच. यात उंचीसाठी ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं असतात, पण लहानपणी सुरू केली तर जास्त उपयोग. आमचा उशीर झाला. आता इस्ट्रोजेन चालू आहे, हृदयाची इको दरवर्षी. पोरगी गणितात ९६. शाळेच्या वजन-उंचीच्या तक्त्यात तिची रेघ पहिलीपासून खाली होती, दर वर्षी कुणीतरी ती भरत होतं.

सिस्टरताई
ही रेघ आम्हीच भरतो हो. लागलं जरा.

एक सांगते, शाळा-अंगणवाडीत आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) गाडी येते, त्यातल्या डॉक्टरांना असं काही असलं तर बोलता येतं, पुढं पाठवतात. सरकारी दवाखान्यात 'मैत्री' क्लिनिक आहे किशोरवयीन मुलांसाठी. काही ठिकाणी चांगलं चालतं, काही ठिकाणी नुसता बोर्ड आहे.

आणि अगदी लहान मुलींचं : पाच-सहा वर्षांची मुलगी सारखी खाजवते, तिथली कातडी पांढरी पडलीये. एका घरात कोड समजून लपवलं, एका घरात भलताच संशय घेऊन शेजाऱ्याशी भांडण झालं. त्वचेचा आजार होता, लायकेन स्क्लेरोसस. डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइड मलमानं आवरला.

पेन्शनर_काका
खडूफळा बाई, माझं पहिलं वाक्य मागं घेतो. कागद ठेवावा, पण ज्याचा आहे त्याच्या हातात.

मांजराकाठ
आठ दिवसांनी लिहितोय, शेताची कामं होती.

पुतणीला सांगितलं. मी नाही, मला जमलं नसतं. ऑपरेशन केलेल्या मॅडमकडं टाके दाखवायला गेलो तेव्हा त्यांना विनंती केली. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं आणि अर्धा तास तिच्याशी एकटीशी बोलल्या. प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागं चित्र काढून दिलं. परत येताना गाडीत पोरगी गप्प. वाटेत चहाला थांबलो तर म्हणाली, "काका, म्हणजे मला दिवाळीपासूनच पाळी येत होती ना? मग मायनं मला यंदा पंचमीला लोणच्याला हात लावू दिला, ते चाललं का?" वहिनी हसायला लागली ती थांबेच ना.

दाखल्याचं : घेतला नाही. डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स काढल्या. मूळ कार्ड पोरीनं मागून घेतलं. मायला एक झेरॉक्स दिली, तिनं ती सातबाऱ्याच्या पिशवीत घातली. सिस्टरताईंचं आणि डॉक्टरांचं, दोघींचंही म्हणणं राखलं म्हणायचं.

बोर्डाचा_पेपर
लोणचं नासलं का?

मांजराकाठ
चाटूनपुसून संपलं.

ज्वारीची_कणसं
नवीन सदस्य. धागा वर काढतेय, माफ करा. भाचीचं अगदी असंच वाटतंय, चौदा वर्षं, पाळी नाही, गेले चार महिने दर महिन्याला दुखतं. उद्या सोनोग्राफीला नेतोय. उपाशी न्यायची का?

टाकेवाली
उपाशी नको. ही सोनोग्राफी पोटावरून असते, लघवी भरलेली असली की चांगली दिसते. तासभर आधी तांब्याभर पाणी पाजा आणि लघवीला जाऊ देऊ नका. खिडकीवर "दर महिन्याला दुखतं, पाळी आलेली नाही" एवढं नक्की सांगा, आणि दोन्ही किडन्या बघायला सांगा.

मात्र तिला आत्ता लघवीला त्रास होत असेल, थेंब-थेंब होत असेल किंवा झालीच नसेल, तर पाणी पाजू नका आणि उद्याची वाट बघू नका. आज रात्रीच न्या. होतीये का नीट?

ज्वारीची_कणसं
सकाळपासून दोनदाच गेली म्हणतेय. विचारून येते.

ज्वारीची_कणसं
निघालोय.